एक दात

पुढचा शाफ्ट अकरा वर्षं जिन्याखाली उभा होता,
छत्र्यांच्या शेजारी, गोणपाटात.
जीप मागच्या दोन चाकांवर धावायची
आणि लष्करच्या गल्ल्यांना तेवढं पुरायचं.
अण्णा सांगत, क्रॉस गेलेत, म्हणून थरथरते,
सवड झाली की बसवीन.
नवे क्रॉस आणलेलेही होते, मेणकागदात.
पावतीवरची शाई उडून गेली होती.

या पौषात मी तो बाहेर काढला.
फरशी गार, पाने हातात धरवत नव्हते.
अण्णा मफलर बांधून खुर्चीत, उन्हाच्या पट्टीत;
पट्टी सरकली की खुर्ची सरकवायची.
हजिऱ्याचा रफीउद्दीन फोनवर म्हणाला,
"दीदी, खराद वाले को दे दो, हाथ तोड़ लोगी."
मी म्हटलं, देखती हूँ.

सर्कलिप निघेना. गंजानं तिला पोटात घेतलं होतं.
डिझेल पाजून रात्रभर मुरवली, लोणच्यासारखी.
सकाळी पक्कड लागताच उडाली
ती शितोळेकाकूंच्या वाळत घातलेल्या बोरांत.

मग वाइस. एका बाजूला लहान सॉकेट, ढकलायला,
दुसऱ्या बाजूला मोठं, झेलायला.
दांडा पिळत राहायचं, सगळं वजन टाकून,
आणि कप खटकन सुटतो
तेव्हा आपण श्वास धरला होता हे कळतं.
आत सुया उरल्याच नव्हत्या. पूड होती,
कुंकवासारखी म्हणणार होते,
पण नाही, विटेच्या भुकटीसारखी.

नव्या कपात सुया ग्रीसच्या भरवशावर उभ्या असतात.
एक आडवी झाली की कप बसत नाही,
आणि कोणती आडवी झाली ते दिसत नाही.
दोनदा घातला, दोनदा काढला.
तिसऱ्यांदा एक सुई घरंगळली;
शाळेच्या लॅबमधला नालचुंबक फिरवत
अर्धं अंगण पालथं घातलं.
बाकीच्या तोवर गजकच्या डब्यात, तीळ झटकून.
"मोजल्यास?" अण्णांनी विचारलं.
मोजल्या होत्या.

शेवटी दोन तुकडे एकमेकांत सारायचे.
दोन्हींवर अण्णांच्या पंचाचं एकेक टिंब.
टिंबासमोर टिंब आणलं, बोल्ट आवळले,
ग्रीसगननं निप्पलमधून इतकं पाजलं
की चारी कपांच्या कडांना मिशा फुटल्या.

झाशी रोडवर, चाळीसला,
तीच थरथर. पायांतून, सीटमधून, दातांत.
आरशातला मागचा ट्रक दोन झाला.
अण्णा हँडल धरून समोर बघत राहिले.

घरी येऊन पाठीवर पडले, जीपखाली.
दोन्ही टोकांचे योक एका रेषेत हवेत.
हे किंचित वाकडे होते,
ग्रुप फोटोत एकानंच मान वळवावी तसे.
खूणच चुकलेली.
पहिल्या जोडणीत चुकलेली,
आणि मग नीट पंच ठोकून पक्की केलेली.
इतकी वर्षं बिचाऱ्या क्रॉसवर नाव.
बाहेर खुर्ची सरकल्याचा आवाज झाला.

मी शाफ्ट उतरवला, सुटा केला,
एक दात फिरवला, परत सारला.
नवं टिंब ठोकलं, हलक्या हातानं, दुपारची झोपेची वेळ होती.
जुनं तासलं नाही.

तिघऱ्याच्या रस्त्यावर चाळीस. पन्नास.
हेडलाइटचं सैल कडं वाजलं तेवढंच.
सांकच्या काठी फोर-व्हीलचा दांडा ओढला
आणि पुढच्या चाकांनी वाळू धरली,
आधी चाचपत, मग घट्ट.

"म्हटलं नव्हतं? क्रॉसच होते."
"हो," मी म्हटलं.

पाण्याशी टिटव्या ओरडत होत्या.
अण्णांनी मफलर सोडला, घडी घातली,
ती पुन्हा मोडून पुन्हा घातली.
मग टिटव्यांकडेच बघत,
"किती दात?"

"एक."